दिवडाची शिकार आणि आपली काठी

(वर्षावास व्याख्यानमालेत विहारात दिलेले भाषण. छापण्यासाठी लिहून काढताना थोडी भर घातली आहे.)



वर्षावासात सापावर कसले भाषण, असे काहींना वाटले असेल. पण पावसाळ्याचे हे महिनेच असे आहेत की साप आपल्या दारात येतो, गटारात येतो, अंगणातल्या सरपणात येतो. आणि तो आला की आपल्या वस्तीत काय होते ते मी तुम्हाला सांगायला नको. एक जण ओरडतो, दहा जण काठ्या घेऊन धावतात, आणि पाच मिनिटांत तो रस्त्यावर पालथा पडलेला असतो. तो कोण होता, विषारी होता की बिनविषारी, काय खायला आला होता, हे कुणी विचारत नाही. म्हणून आज मी एकाच सापाबद्दल बोलणार आहे. तो आपली पोटाची भाकरी कशी मिळवतो, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेवढेच सांगणार आहे, आणि त्यावरून मनात आलेले चार विचार मांडणार आहे.

मी काही प्राणिशास्त्राचा प्राध्यापक नाही. सूतगिरणीच्या रिंग खात्यात उभा राहून माझे आयुष्य गेले. पण रिंग खात्यात काम करणाऱ्याला एक विद्या आपोआप येते, ती म्हणजे बघण्याची. शेकडो चात्या एकदम फिरत असतात, त्यात एकच धागा तुटतो. तो तुटलेला धागा ज्याला चालता चालता दिसतो, तोच कामगार टिकतो. बाकीचे मी पुस्तकांतून आणि जाणत्यांना विचारून शिकलो. जंगलात गेल्यावर मला याच नजरेचा उपयोग झाला. सगळे पाणी हलत असते, त्यात एकच गोष्ट हलत नाही. तिथे बघायचे.

आपल्या नदीचे, हिरण्यकेशीचे, उगमस्थान आंबोलीला आहे हे तुम्हाला माहीत आहे. सावंतवाडी तालुक्यात घाटमाथ्यावर ती निघते, आजरा, गडहिंग्लज करत पुढे कर्नाटकात जाते आणि घटप्रभेला मिळते. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसावर तिथे सदाहरित आणि निमसदाहरित जंगल उभे आहे. झाडांच्या खोडांवर शेवाळ, शेवाळावर आमरी, आणि खाली दगडादगडांतून वाहणारे ओहोळ. असा एक-एक ओहोळ म्हणजे एक-एक गाव आहे. २०२० साली अभ्यासकांनी तिथल्या हिरण्यकेशीच्या कुंडात सापडलेल्या बोटाएवढ्या माशाची नवी जात म्हणून नोंद केली आणि त्याला नावच दिले शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. नळ सोडल्यावर आपल्या हंड्यात जे पाणी पडते, त्याच्या मुळाशी एवढे मोठे घराणे नांदते आहे.

अभ्यासिकेतल्या आठ-दहा मुलांना घेऊन मी सप्टेंबरअखेर तिकडे गेलो होतो. त्या दिवसांत पावसाला उघडीप असते. जुलै-ऑगस्टमध्ये ओहोळाचे पाणी अंगावर येते, काही दिसत नाही. सप्टेंबर सरता सरता पाणी निवळते, तळाचा दगड न् दगड मोजता येतो. पाहुण्यांना जंगल दाखवणारा एक स्थानिक तरुण आमच्याबरोबर होता. त्याने एका डोहाजवळ आम्हाला बसवले आणि सांगितले, पाय आपटायचे नाहीत. सापाला बाहेरून कान नसतात, पण जमिनीची थरथर त्याला अंगाने कळते. मुले बसली. जळवा पायाला लागल्या तरी हलली नाहीत, हे त्यांचे कौतुक.

डोहाच्या कडेला एका झाडाची मुळे पाण्यात उतरली होती. त्या मुळांत एक मुळी अशी होती की तिच्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी होती. तीच दिवड. कुणी त्याला पाणदिवड म्हणते, आपल्या भागात विरोळा म्हणतात, विदर्भात धोंड्या. अंग पिवळसर, त्यावर काळे चौकडे, आणि डोळ्याखालून तिरक्या उतरणाऱ्या दोन काळ्या रेघा. ही रेघांची खूण मुलांनी पाठ करून ठेवावी. लांबी हातभरापासून सव्वा मीटरपर्यंत, काही त्याहूनही मोठे असतात. तळे, विहीर, भातखाचर, कालवा, ओहोळ, जिथे पाणी तिथे हा. दिवसा फिरतो आणि रात्रीही फिरतो. त्याच्या नाकपुड्या जरा वरच्या बाजूला असतात, त्यामुळे सगळे अंग पाण्यात ठेवून नुसते नाक बाहेर काढून त्याला श्वास घेता येतो.

पहिला बराच वेळ त्याने काहीच केले नाही. शेपटीचा एक वेढा मुळीला घातलेला, बाकी अंग पाण्याच्या ओढीत सैल सोडलेले, मान मात्र मागे घेऊन वाकडी धरलेली. मधूनमधून जीभ बाहेर यायची. सापाची जीभ म्हणजे काटा नव्हे, आणि तिच्यात विषही नसते. ती वासाचे कण गोळा करते आणि आत टाळूत असलेल्या जेकबसनच्या इंद्रियाकडे पोचवते. जिभेला दोन टोके असल्यामुळे वास कुठल्या बाजूने जास्त येतो तेही त्याला कळते. आपण कालवणाचा वास कुणाच्या घरातून येतो ते ओळखतो, तसेच.

मग लहान माशांचा एक थवा उतारावरून डोहात आला. दिवड हलला नाही. मासे अगदी मानेजवळ आले आणि त्याने झडप घातली. झडप समोरून नव्हती, बाजूला होती, विळा फिरवावा तशी. त्याचे कारण मला नंतर कळले. पाण्यात तोंड उघडून सरळ पुढे मुसंडी मारली तर पुढचे पाणी ढकलले जाते आणि त्या पाण्याबरोबर मासाही पुढे ढकलला जातो. बाजूने फिरवलेल्या तोंडाला पाण्याचा अडथळा कमी होतो. मी मोजत होतो. पाच झडपा घातल्या, त्यातल्या चार फुकट गेल्या. पाचव्या वेळी एक बोटाएवढा मासा आडवा सापडला. त्याने तो दातांत सरकवत सरकवत डोक्याच्या बाजूला आणला आणि डोक्याकडून गिळला. उलटा गिळला तर माशाचे पर आणि काटे घशात अडकतात.

माशाची पळण्याची क्रियाही मोठी नवलाची आहे. पाण्यात एका बाजूने हादरा बसला की मासा अंगाचा कंस करून विरुद्ध बाजूला उसळतो. हे काम सेकंदाच्या काही हजाराव्या भागात होते, त्यात विचाराला वाव नाही. आग्नेय आशियातल्या संथ पाण्यात एक साप आहे, त्याच्या थुंकणीवर मांसल मिशांसारखे दोन अवयव असतात. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या केनेथ कॅटानिया या शास्त्रज्ञाने त्याची शिकार वेगवान कॅमेऱ्याने टिपली आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तो साप झडपेआधी मानेमागच्या अंगाला एक बारीकसा झटका देतो. मासा त्या झटक्यापासून दूर पळतो, आणि दूर पळतो म्हणजे नेमका सापाच्या तोंडाकडे पळतो. कधीही शिकार न केलेली नवजात पिल्लेही हाच डाव खेळतात, हेही पुढे त्यांनी दाखवून दिले. आपल्या दिवडाजवळ असा डाव मला दिसला नाही. त्याच्याजवळ धीर होता, आणि चार वेळा हुकल्यावर पाचव्यांदा घात लावून बसण्याची चिकाटी होती. आपल्यासारख्या कष्टकऱ्याला ते ओळखीचे वाटते.

माशाने त्याचे भागले नसावे. त्याने मुळीचा वेढा सोडला आणि काठाने निघाला. प्रत्येक दगडाच्या फटीत डोके घालायचा, जीभ काढायची, पुढे. पान कुजलेल्या एका खोबणीत डोके घातले आणि एकदम पाणी उसळले. बाहेर आला तेव्हा तोंडात एक चांगला मोठा बेडूक, मागच्या पायाला धरलेला.

बेडकाने अंग फुगवले आणि ओरडायला लागला. ज्यांनी हा आवाज ऐकला नाही त्यांना वाटेल बेडूक म्हणजे डराव डराव. हा आवाज तसा नसतो. लहान मूल रडावे तसा असतो. आमच्यातला दहावीतला एक मुलगा उठला, हातात काटकी घेतली आणि मला म्हणाला, "काका, सोडवू काय त्याला? मरतंय की ते!"

बंधू-भगिनींनो, माझे आजचे भाषण म्हणजे त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न लहान नाही. आपण रोज सकाळी प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे शील घेतो, सर्व जीव सुखी होवोत असे म्हणतो, आणि पुढ्यात एक जीव ओरडत असताना नुसते बघत बसायचे? त्या पोराच्या मनात करुणा होती म्हणून त्याने विचारले. ज्याच्या मनात काहीच नाही तो मोबाईलवर चित्रण करतो आणि पुढे जातो.

मी त्याला म्हणालो, "बस खाली. पूर्ण बघ, मग बोलू."

पुढची पंधरा-वीस मिनिटे आम्ही बघितले. दिवडाला विषाने मारता येत नाही आणि अजगरासारखे आवळूनही मारता येत नाही. त्याचे दात मागे वळलेले असतात, चावण्यासाठी नव्हे, धरून ठेवण्यासाठी. खालच्या जबड्याची दोन हाडे हनुवटीला एकमेकांना जखडलेली नसतात. म्हणून तो आधी डावी बाजू पुढे सरकवतो, मग उजवी, मग डावी. जणू तोंडच बेडकावरून चालत जाते. भक्ष्याने तोंड भरलेले असताना श्वास कोंडू नये म्हणून श्वासनलिकेचे तोंड तो जिभेवरून पुढे बाहेर काढतो. बेडूक फुगलेला होता, त्यामुळे वेळ लागला. दिवड त्याला ओढत काठावरच्या दगडावर घेऊन आला. ओरडणे हळूहळू थांबले. शेवटी पुढचे दोन पंजे तेवढे बाहेर दिसत होते, मग तेही गेले. दिवडाने दोन-तीन वेळा जांभई दिल्यासारखा जबडा उघडून मिटला, हाडे जागेवर बसवली. पलीकडच्या दगडावर दुसरा बेडूक बसला होता. दिवड त्याच्या अंगावरून जावे तसा जवळून गेला आणि मुळांत शिरून दिसेनासा झाला. पोट भरले होते. आता काही दिवस त्याला खायला लागणार नाही.

परतताना मी त्या मुलाला उत्तर दिले, तेच तुम्हालाही सांगतो.

काटकीने बेडूक सोडवला असता तर काय झाले असते? पाय मोडलेला, अंगाला दातांच्या जखमा झालेला बेडूक आपल्या हाती आला असता. उपाशी दिवड पुढच्या फटीतून दुसरा बेडूक काढायला गेला असता. एकाऐवजी दोन बेडूक गेले असते आणि आपण करुणा केली या समाधानात घरी गेलो असतो. बेडूक तरी काय खातो? दिवसभर किडे खातो. बेडकाची मादी एका वेळी शेकड्यांनी, काही जातींत हजारांनी अंडी घालते. त्यातली बहुतेक पिल्ले माशांच्या, बगळ्यांच्या, सापांच्या पोटात जातात. सगळी जगली असती तर त्या डोहात पाणी दिसले नसते. दिवडाची मादीसुद्धा साधारण तीस ते सत्तर अंडी घालते. ती पिल्लेही बगळा खातो, मुंगूस खातो, सर्पगरुड खातो. ओहोळात कुणी कुणाचा मालक नाही आणि कुणी कुणाचा वैरी नाही. भूक आहे, आणि तिच्यापुरते खाणे आहे.

बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना एक फरक केला आहे. गरजेपोटी होणारी हत्या वेगळी आणि हत्येच्या इच्छेने केलेली हत्या वेगळी. तो विचार माणसांसाठी मांडलेला आहे. साप काही पंचशील घेत नाही, आणि त्याला ते घेण्याची गरजही नाही. शील आपण घेतले आहे. म्हणून दिवडाचा न्याय करण्यापेक्षा आपल्या हातातल्या काठीचा न्याय केला पाहिजे. दिवडाने बेडूक मारला तो भुकेने. आपण दिवड मारतो तो कशाने? खायचा नसतो. त्याच्या कातड्याचे काही करायचे नसते. बहुतेक वेळा तो गटारातून निघून चाललेला असतो, आपणच त्याची वाट अडवतो. मारल्यावर काठीवर लटकवून गल्लीभर फिरवतो. याला गरज म्हणायचे काय?

"तो नाग होता," असे सांगतात. बरोबर आहे, तसे वाटते. दिवडाला कोपऱ्यात गाठले की तो पुढचे अंग उचलतो, मान चपटी करतो आणि फुत्कारून अंगावर येतो. चावतोही, आणि कडकडून चावतो. नागासारखा दिसला तर समोरचा मागे सरेल, एवढीच त्याची आशा. पण त्याच सोंगाने त्याचा जीव जातो. त्याच्याजवळ माणसाला मारील असे विष नाही. डोळ्याखालच्या दोन काळ्या रेघा लांबून पाहिल्या तर ओळख पटते. या सापाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचेही संरक्षण आहे.

आता कुणी म्हणेल, हा माणूस सापाची बाजू घेतो आणि माणसाचा जीव जातो त्याचे काय? त्याचेही सांगतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा आहे की, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले बहुतेक खेड्यांतले आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. शेतात राबणारे, जमिनीवर झोपणारे, आपलेच लोक. म्हणून सापाची ओळख हा शौकाचा विषय नाही, आपल्या जिवाचा विषय आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही चार नावे घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजेत, कारण आपल्याकडचे बहुतेक मृत्यू या चौघांमुळे होतात. सगळ्याच सापांना जो सारखा भितो, त्याला यातला एकही ओळखता येत नाही.

आणि चावला तर? कुठलाही साप असो, ओळख पटवत बसू नका, त्याला पकडायला किंवा मारायला जाऊ नका. माणसाला धीर द्या, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठी-बांगडी-पैंजण काढा. कापायचे नाही, चोखायचे नाही, दोरीने करकचून आवळायचे नाही. गाडी मिळेल ती करा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. विषावर उतारा एकच, प्रतिसर्पविषाची लस. मांत्रिकाकडे गेलेला माणूस बरा होतो तो कधी? जेव्हा चावलेला साप दिवडासारखा बिनविषारी असतो, किंवा विषारी सापाने विष सोडलेले नसते तेव्हा. दिवडाच्या बिनविषारीपणाचे श्रेय मांत्रिक घेतो, आणि घोणस चावलेल्याचा जीव त्याच विश्वासापायी जातो. माता-भगिनींनो, हे विशेष करून तुम्ही लक्षात ठेवा, कारण रात्री-अपरात्री घरात निर्णय तुम्हाला घ्यावा लागतो.

समितीपुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आपल्या अभ्यासिकेत चार विषारी सापांची आणि दिवड, धामण अशा बिनविषारी सापांची रंगीत चित्रे लावावीत. दुसरी, साप पकडून जंगलात सोडणाऱ्या जाणकार माणसाचा आणि वन खात्याचा फोन नंबर विहाराच्या फळ्यावर कायम लिहिलेला असावा. साप दिसला की काठी उचलण्याआधी तो नंबर लावायचा, आणि माणूस येईपर्यंत लांबून नजर ठेवायची. तिसरी, गल्लीतला कचरा आणि उघडे सरपण आपण श्रमदानाने हटवावे. कचऱ्यात उंदीर येतो, उंदरामागे साप येतो. रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्यावी आणि शक्यतो खाली झोपू नये, झोपलेच तर मच्छरदाणी खोचून झोपावे. या कामाला पैसा लागत नाही, दोन रविवार लागतात.

तो दहावीचा मुलगा आज इथे बसला आहे. चित्रांचे काम मी अंगावर घेतो, असे त्याने मला सभेआधीच सांगितले. त्याला रंग आणि कागद समितीने द्यावेत, एवढी विनंती करतो. 

जयभीम. नमो बुद्धाय.